वाघडोहचा मंगळवार

पंजाबराव मुनेश्वर यांच्या जेवणाच्या डब्याला कुलूप होतं. थट्टा करत नाही. डब्याच्या कडीला त्यांनी लोहाराकडून भोक पाडून घेतलं होतं आणि त्यात पितळेचं चिमुकलं कुलूप अडकवलं होतं. आत असायची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि फार झालं तर एखादी हिरवी मिरची. एकदा मी विचारलं, साहेब, अंबाडीची भाजी चोरायला कोण येणार आहे? तर म्हणाले, "भाजीचं नाही रे देवीलाल. झाकण कोणी उघडलं, थे आपल्याले समजलं पाह्यजे."

मी देवीलाल, पांढरकवड्याच्या कापूस सल्ला केंद्रातला कारकून. केंद्र सरकारी नाही. नागपूरच्या एका संस्थेनं चालवलेलं, चार खोल्यांचं आणि एका जीपचं. पंजाबराव आमचे मुख्य पाहणी अधिकारी, आणि मी सोळा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. कपाशीतला एवढा जाणता माणूस मी दुसरा पाहिला नाही. हिरवं बोंड नुसतं चिमटीत धरून आत अळी आहे की नाही सांगायचे, आणि फोडलं की तसंच निघायचं. असा माणूस, आणि स्वतः मात्र आतून संशयानं पोखरलेला. पेन दोऱ्यानं टेबलाला बांधलेला. दौऱ्यावरून आले की आधी खुर्ची कोणी हलवली का ते पाहणार, मग पाणी पिणार. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई मला एकदा म्हणाल्या, "लग्नाले एकतीस वर्षं झाली भाऊ, आलमारीची चाबी अजून मले देल्ली नाही. मी का आलमारी डोक्यावर घेऊन पळून जाईन?"

या संशयाला मूळ होतं. ते सांगितलं नाही तर माणसावर अन्याय होईल. तरुणपणी ते दुसऱ्या एका संस्थेत होते. चाळीस गावांतली माती त्यांनी सायकलवर फिरून गोळा केली, वर्षभर खपून अहवाल लिहिला आणि जरा वाचून पाहा म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मित्राला दिला. मित्रानं तो स्वतःच्या नावानं वर पाठवला. त्याला बढती मिळाली, यांच्या पाठीवर साधी थापसुद्धा नाही. हे त्यांनी मला सोळा वर्षांत एकदाच सांगितलं, पण त्या मित्राचं नाव सांगितलं नाही.

आता दोन हजार सतराचा हंगाम. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं उच्छाद मांडला होता. झाडं कंबरेच्या वर, बोंडं वरून टवटवीत, आणि फोडलं की आत सडका कापूस. आमचं काम म्हणजे बियाण्याच्या तक्रारींचे अर्ज भरून घ्यायचे, प्रत्येक शेतातली वीस बोंडं फोडून किती किडली ते लिहायचं आणि तो पाहणीचा कागद अर्जाला जोडायचा. पाहणी नाही तर अर्ज आमच्याकडून पुढं जात नसे. आमच्या नागपूर कार्यालयानं पंधरा डिसेंबर ही शेवटची तारीख दिली होती.

दौऱ्याची रीत ठरलेली. पंजाबराव कंप्युटरच्या कॅलेंडरात आठवड्याचे दौरे टाकायचे, शनिवारी त्याचा कागद छापून फळ्यावर लावायचे आणि आमचा जीपचालक जफरभाई त्या कागदाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही. "कागदावर नाव, तर गाडीले पाँव" असं तो स्वतःच जुळवून म्हणायचा. प्रत्येक नोंदीत गावाचं नाव, वेळ, शेतं किती, आणि गावात ज्याला भेटायचं त्या माणसाचा मोबाइल नंबर. शिवाय एक नियम पक्का होता. बाजाराच्या दिवशी त्या भागात दौरा लावायचा नाही, कारण गाव सगळं बाजारात जातं. "बाजाराच्या दिवशी जाऊन का कुत्र्याकडून अर्ज भरून घेता?" असं ते नव्या माणसाला सुनवायचे.

नवं माणूस म्हणजे रुपाली भवरे. यवतमाळची, कृषी पदवीधर, सव्वीस वर्षांची. घरात कमावणारी ती एकटी. दोन वर्षांच्या करारावर आली होती आणि तो करार डिसेंबरअखेर संपत होता. पंजाबरावांचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून संशय. आधी काहून लवकर येते म्हणून, मग काहून उशिरा जाते म्हणून. त्यात तिनं एक अपराध तीनदा केला. दौऱ्याच्या यादीत वाघडोह पोडाचं नाव सुचवलं. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आणि वाघडोह म्हणजे जंगलाच्या कडेला, नाल्यापलीकडे, त्यांची तीस-बत्तीस घरं. पंजाबराव तिथं बावीस वर्षांत गेले नव्हते. त्यांचं म्हणणं, पोडावरच्या जमिनीच्या पट्ट्याचे कागद पक्के नसतात, उगाच सही अंगलट यायची. तिन्ही वेळा त्यांनी लाल पेनानं नाव खोडलं आणि मला हळूच म्हणाले, "हिचा तिथं काय मतलब आहे, थे पाहा लागन."

त्यातच नागपूरहून संचालकांचं पत्र आलं, की आपल्या यादीत एकही पोड कसं नाही? पत्र हातात धरून पंजाबराव पंधरा मिनिटं खिडकीकडे पाहत बसले. "इथलं कोणीतरी तिथं बोलून राह्यलं," ते म्हणाले, आणि रुपालीच्या टेबलाकडे मान वळवली.

अशात त्यांचा हर्निया उपटला. यवतमाळच्या डॉक्टरांनी तारीख दिली, पंधरा दिवस हलायचं नाही. संचालकांनी फोनवर सांगितलं, जाण्याआधी तुमच्या मेलचा आणि कॅलेंडरचा ॲक्सेस रुपालीला देऊन जा, हंगामात पत्रं अडकायला नकोत. पंजाबरावांनी फोन ठेवला आणि रुमालानं हात पुसले, जणू फोनलाच काही लागलं होतं.

आमच्या केंद्रात पासवर्ड म्हणजे कीबोर्डखालची चिठ्ठी. माझा तर जफरभाईलाही पाठ होता. फक्त पंजाबरावांचा कोणाला माहीत नव्हता, आणि तो आता द्यावा लागणार या विचारानं त्यांचं तोंड उतरलं होतं. पण रुपाली म्हणाली, "पासवर्ड नको सर. तुमी तुमच्या खात्यातून मले परवानगी द्याची. मग मी माह्या कंप्युटरवरून, माह्याच पासवर्डनं, तुमचं मेल उघडीन. उत्तर पाठवलं का वर तुमचं नाव येईन आणि खाली बारीक अक्षरात माहं."

वाटलं, आता यांना बरं वाटेल. छे! ते जास्तच घाबरले.

"म्हंजे चाबी न घेता घरात?"

"तुमीच दार उघडून देऊन राह्यले ना सर."

"अन् बंद कोण करते?"

"तुमीच. एक बटन दाबलं का मी बाहेर."

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून आणि कंप्युटरवरून एकदम पांघरला आणि आत बसून पासवर्ड टाकला. दारातून जफरभाई ओरडला, "साब, फोटो निकाल रहे क्या?" कोणी हसलं नाही, म्हणजे मी हसलो. मेलचं झालं. कॅलेंडरला दोन पर्याय होते, नुसतं पाहता येईल किंवा बदलही करता येईल. पंजाबरावांनी "पाहता येईल" दाबलं. रुपाली म्हणाली, एखाद्या गावात मयत झाली तर दौरा पुढं ढकलायला तुम्हाला टाके पडलेले असताना फोन करू का? त्यांनी दोन चहा घेतले, तासभर विचार केला आणि शेवटी "बदल करता येईल" दिलं. बोट मात्र विंचवाला लावल्यासारखं मागं घेतलं.

त्या दिवसापासून त्यांना नवा छंद लागला. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरात दिसतं आणि कोणी उघडलं की अक्षरं बारीक होतात, हे त्यांना माहीत होतं. टेबलावर बसून ते ठळक-बारीक मोजत बसायचे. बी-बियाण्याच्या जाहिरातीचं पत्र बारीक झालं तरी मला बोलावून दाखवायचे, "पाह्य, शिरली." अहो, शिरायलाच तर परवानगी दिली! पण हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाहीच.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, संचालकांचं एक पत्र त्यांनी पाहिलं तेव्हा ते आधीच बारीक झालेलं होतं. पत्र रुपालीबद्दल होतं. करार वाढवायचा आहे, विश्वासू आहे का, बाहेर बोलत नाही ना, तुमचं मत दहा तारखेपर्यंत कळवा, तुमच्या शब्दावर ठरवू.

पंजाबरावांचे कान लाल झाले. मला त्यांनी मागच्या खोलीत, बारदान्याच्या ढिगाजवळ नेलं. "तिनं वाचलं अन् एका शब्दानं बोलली नाही. कशी तोंड मिटून बसली आहे, पाह्य. आता पाहतोच मी."

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कॅलेंडर उघडलं आणि पुढच्या मंगळवारी नोंद टाकली. वाघडोह पोड, सकाळी नऊ, अकरा शेतं. मंगळवार हा त्या सगळ्या भागाचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी ते स्वतः खाटेवर टाके सांभाळत पडलेले असणार. आणि गाव कोणतं, तर जिथं ते कधी जातच नाहीत!

"साहेब, हे काय?"

"चूक," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "मोठी, ढळढळीत चूक. चुगली कराची असन तर यापक्षा चांगली संधी भेटनार नाही. पाह्यजो, दोन दिवसांत नागपूरहून विचारना येते. आली का मी तिच्याबद्दल लिहून टाकतो, भरवशाची नाही. तू फक्त नजर ठेव. अन् कोणाले बोलशीन तर माह्या गळ्याची शपथ."

म्हणजे एका मुलीची नोकरी आता त्या एका ओळीवर टांगली होती आणि ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, आणि त्याला कारण होतं.

कारण नागपूरला पोडांबद्दल बोललो होतो तो मीच. दिवाळीनंतर तिथल्या कारकुनाचा फोन आला होता. गप्पांच्या ओघात त्यानं विचारलं, पोडं किती केली रे तुम्ही? मी म्हणालो, एक पण नाही, आमच्या साहेबांना नाला ओलांडायचा कंटाळा. एवढंच. चुगली म्हणून नाही, जीभ सैल म्हणून. त्यानं ते वर सांगितलं आणि पत्र आलं. पंजाबराव रुपालीकडे मान वळवून पाहत होते तेव्हा मी रजिस्टरात डोकं घालून बसलो होतो. लाज वाटते लिहिताना, पण तसंच झालं.

शनिवारी रुपालीनं आठवड्याचा कागद छापला. फळ्यावर लावण्याआधी त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली, मग माझ्याकडे आली. "देवीलालभाऊ, सरांनी मंगळवारी वाघडोह लावलं. तुमाले काही बोलले का?"

शपथ आठवली. त्याहून जास्त माझी कातडी आठवली. "मले काय माहीत," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि चार टाचण्या लावून कागद फळ्यावर ठोकला. नागपूरला तिनं काही कळवलं नाही. उलट दिवसभर फोनवर होती. तीन ठिकाणी विचारून तिनं वाघडोहकडं आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईचा नंबर मिळवला आणि तिच्याकरवी पोडाच्या नाईकाला, म्हणजे प्रमुखाला, निरोप धाडला, मंगळवारी नऊ वाजता पंजाबराव साहेबांच्या दौऱ्याप्रमाणे पाहणी आहे, शेतं दाखवायला माणसं थांबवा. मी सगळं ऐकत होतो. नागपूरची विचारणा आज येईल, उद्या येईल, असं करत पंजाबराव तिकडे दवाखान्यातून मला फोन करत होते आणि मी "अजून काही नाही साहेब" म्हणत होतो.

मंगळवारी अर्ज लिहायला म्हणून तिनं मलाही जीपमध्ये घातलं. रस्त्यानं सगळी गर्दी आमच्या उलट्या दिशेनं, बाजाराकडे. जफरभाई म्हणाला, "आज तो पोड खाली मिलेगा, मॅडम." नाल्याशी जीप थांबली. चपला हातात घेऊन आम्ही पाण्यातून पलीकडे गेलो. मला वाटलं, बरं होईल, कोणी भेटणार नाही, परत फिरू आणि प्रकरण मिटेल.

पण पोड भरलेलं होतं. मधल्या चावडीसमोर शेणानं सारवलेलं, आणि कडेनं सगळी माणसं बसलेली, बाया, म्हातारे, पोरं. एका बाजूला बांबूच्या टोपल्यांची उतरंड रचलेली. त्या टोपल्या त्या दिवशी बाजारात जायच्या होत्या आणि त्यांच्या बदल्यात आठवड्याचं तेल-मीठ यायचं होतं. नाईक लेतू आत्राम पुढं झाला. त्यानं एक खाट टाकली होती, त्यावर नवी गोधडी.

"साहेब कुठी हाय?"

"दवाखान्यात आहे काका," रुपाली म्हणाली. "पोटाचं ऑपरेशन झालं. मी त्यांच्या वतीनं आली."

नाईकानं मागं वळून लोकांना त्यांच्या बोलीत काही सांगितलं. मग आम्हाला मराठीत म्हणाला, "ऑपरेशन झालं, तरी आमची तारीख नाही मोडली त्यायनं. आमी बाजार मोडला, त्यात काही मोठं नाही."

मला त्या खाटेकडे पाहवेना. अख्ख्या पोडाचा बाजार बुडाला होता, कशासाठी, तर एका माणसानं एका पोरीला सापळा लावला म्हणून. आणि मी तो लावताना शेजारी उभा होतो.

अकरा शेतं आम्ही दुपारपर्यंत केली. रुपाली बोंडं फोडायची, मी लिहायचो. वीसमध्ये सतरा किडकी, वीसमध्ये अठरा. एका शेतात वीसच्या वीस. पट्ट्याचे कागद मागितले तर घरोघरी आढ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून निघाले, घडी न मोडलेले. अकरापैकी नऊ जणांचे पक्के, उरलेल्या दोघांकडे अर्जाची पोच. अंगलट यायचं तिथं काही नव्हतं. निघताना नाईकानं उतरंडीतली एक टोपली काढून माझ्या हातात दिली. झाकणाची, घट्ट विणीची. "साहेबाले द्या. भाकर ठेवाले."

दुसऱ्या दिवशी रुपाली आणि मी एसटीनं यवतमाळला गेलो. ती खाली फळांच्या गाडीवर थांबली, मी आधी वर गेलो. पंजाबराव उशाला टेकून मोबाइल डोळ्यांशी धरून बसले होते. मला पाहताच कौसल्याबाईंना म्हणाले, जा, चहा सांग. त्या गेल्या नाहीत.

"मंगळवारचं नागपूरले बोलली का थे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते उठून बसायला गेले आणि टाके ओढले तसे कळवळले. तरी पहिले शब्द काय? "कोनाले विचारून गेली? माही चूक दाखवाले गेली, का सोताचं नाव कराले?"

"मोबाइलमध्ये पाहा," मी म्हणालो. "अहवाल तुमच्याच खात्यातून गेला."

त्यांनी पाठवलेली पत्रं उघडली. अहवाल होता. वरती लिहिलं होतं, पाहणी श्री. पंजाबराव मुनेश्वर यांच्या दौरा कार्यक्रमानुसार. तिचं नाव कुठंच नव्हतं, फक्त अगदी खाली त्या यंत्रानं आपणहून छापलेली बारीक ओळ. पंजाबरावांनी तो तीनदा वाचला. कुठं काही दडलंय का, बोटानं वर-खाली करून शोधलं. ज्यांचं वर्षभराचं काम एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलं होतं, त्यांच्या नावावर पहिल्यांदाच कोणाचं काम आलं होतं, आणि त्यांना ते ओळखूच येईना.

"यात काहीतरी डाव आहे," ते पुटपुटले.

तेव्हा मी टोपली त्यांच्या पायाशी ठेवली आणि नाईकाचं वाक्य सांगितलं. ऑपरेशन झालं तरी आमची तारीख नाही मोडली. कौसल्याबाईंनी टोपली उचलली, झाकण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "बाई, याले कुलूप लावाले जागाच नाही," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात रुपाली संत्री घेऊन आत आली. पंजाबरावांनी तिला स्टूल दाखवलं. ती बसेपर्यंत त्यांनी धीर धरला नाही.

"संचालकांचं पत्र वाचलं ना तू? तुह्या कराराचं?"

"उघडलं सर. उघडल्यावर समजलं का माह्याबद्दल आहे. पह्यली ओळ वाचली आणि बंद केलं. पण तोवर अक्षरं बारीक झाली होती. पुन्हा ठळक करता येते, पण मंग तुमाले खोटं दिसलं असतं. म्हणून तसंच राहू देल्लं."

"पुन्हा ठळक करता येते?"

"एका बटनानं."

पंजाबरावांनी डोळे मिटले. इतके दिवस मोजलेली सगळी ठळक-बारीक अक्षरं पाण्यात गेली होती. ज्याला फसवायचं त्यानं सहज फसवलं असतं, आणि या मुलीनं आपला माग मुद्दाम तसाच ठेवला होता.

"अन् मंगळवार?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"थे तुमी खरं लावलं नव्हतं, समजलं होतं मले."

"कशावरून?"

"नंबर नव्हता सर. तुमच्या हरेक नोंदीत तिथल्या माणसाचा नंबर राहते. वाघडोहचा तुमच्यापाशी नव्हताच." तिनं संत्र्यांची पिशवी खाली ठेवली. "तुमाले विचारलं असतं तर तुमी नाही म्हटलं असतं. तीनदा म्हटलंच होतं. अन् कागदावर नाव आल्याबिगर जफरभाई गाडी काढत नाही. माहा करार राहो, नाही राहो. पंधरा तारखेच्या आत थे अकरा अर्ज जायचे होते."

मी माझ्या चपलांकडे पाहत होतो. आता बोल, देवीलाल, आता तरी बोल, नागपूरचं ते मी होतो म्हण, असं मनात दहादा आलं. कौसल्याबाईंनी संत्र्याची फोड माझ्या हातात ठेवली आणि मी ती खाल्ली.

दहा तारखेच्या दोन दिवस आधी पंजाबरावांनी संचालकांना उत्तर लिहिलं. गुपचूप टपालानं पाठवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी ते त्याच खात्यातून, रुपालीला दिसेल असं पाठवलं. मलाही दाखवलं. चारच ओळी होत्या. "वाघडोहची पाच तारखेची नोंद मी खोटी टाकली होती, रुपाली भवरे यांना अडकवण्यासाठी. त्यांनी त्या खोट्या नोंदीवर खरी पाहणी केली, ती त्यांच्या नावावर घ्यावी. वाघडोह यापूर्वी तीनदा मीच खोडलं होतं. त्यांचा करार वाढवावा, त्या माझ्यापेक्षा भरवशाच्या आहेत."

करार वाढला. पंजाबरावांना कारणे दाखवा नोटीस आली. बावीस वर्षांतली पहिली. ती त्यांनी डब्याशेजारच्या खणात ठेवली आणि त्या खणाला कुलूप लावलं. माणूस एका टोपलीनं बदलत नसतो.

जानेवारीत ते हिंडू-फिरू लागले तेव्हा कॅलेंडरात त्यांनी एक नोंद टाकली. वाघडोह पोड, गुरुवार, लेतू आत्राम, आणि पुढं नंबर. नाला आम्ही धरून-धरून ओलांडला. चावडीवर तीच खाट, तीच गोधडी. पंजाबराव तिच्यावर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी नाईकाला सांगितलं, "त्या मंगळवारी मी येणारच नव्हतो. खोटं लिहिलं होतं मी. तुमचा बाजार माह्यामुळं बुडाला."

नाईक म्हणाला, "खोटं लिवाले तरी आमचं नाव आठोलं साहेब तुमाले. खरं लिवतानी तर कोनाले आठोत नाही."

पंजाबराव खाटेवर बसले. परत येताना जीपमध्ये ते रडले. मोठा माणूस रडतो तेव्हा कुठं पाहावं समजत नाही. जफरभाईनं आरसा वर वळवला.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी रुपालीला बोलावून म्हणाले, माह्या खात्याची ती परवानगी मी काढत नाही, पत्रं येत राहतील, पाहत जाजो. मग टेबलाचा दोरा सोडला आणि पेन खिशाला लावला. सगळे हार-तुरे आटोपल्यावर मला मागच्या खोलीत नेलं, त्याच बारदान्याजवळ. कमरेला असायची ती डब्याची पितळी चाबी काढून माझ्या तळहातावर ठेवली, आणि डबाही दिला.

"ठेव. मी आता त्या टोपलीत भाकर नेतो," ते म्हणाले. "तुले एक सांगतो देवीलाल. बायकोवर शक घेतला मी, रुपालीवर घेतला, जफरवर घेतला. शेजारच्या टेबलाची तर मले जलमाची धास्ती. पण तुह्यावर कधी घ्यावा वाटला नाही. तेवढी एक जागा होती मले टेकाले."

चाबी माझ्या हातात गरम झाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"साहेब," मी म्हणालो, "चहा सांगू का?"